थोरल्याची वाट

दोघं एकाच गाडीतून उतरले, तेव्हाच ऑक्टेव्हनं ओळखलं की काम नाजूक आहे. एरवी राज्याच्या रस्तेखात्याचा हॅलवर्सन आपल्या पांढऱ्या गाडीतून येई आणि आमच्या आदिवासी जमातीच्या वन्यजीव कचेरीतली रोझली आपल्या खटाऱ्यातून.

त्यानं काही विचारलं नाही. आलेल्याच्या पोटात काही गेल्याशिवाय 'काय काम काढलंत' म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यानं कॉफी ओतली, हरणाचं वाळवलेलं मांस पुढं केलं. हॅलवर्सन हल्ली ते निमूट चावतो. आमच्या राखीव मुलुखातून हमरस्ता न्यायचा म्हणून वर्षानुवर्षं आमच्या बैठकांना बसून त्याचे दात तयार झालेत.

"हं, बोला आता."

रोझलीनं टेबलावर फोटो मांडले. नव्या हमरस्त्याखाली जनावरांसाठी बोगदा बांधलाय, तिथल्या कॅमेऱ्यातले. हरीण. कोल्हा. साळिंदर. ऑक्टेव्ह. ऑक्टेव्ह, हातात मुरंब्याची बरणी. पुन्हा ऑक्टेव्ह, टोपी काढून कॅमेऱ्याकडं बघणारा.

"हा बरा आलाय. हा राहू दे माझ्याकडं."

"आजोबा, चेष्टा नको."

रस्त्यापलीकडं त्याची मोठी बहीण फिलोमेन राहते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळं घरात फोन आहे तो नावाला. रोज सकाळी ऑक्टेव्ह तिच्याकडं जायचा. दार ठोठावलेलं कळत नाही म्हणून ती ते उघडंच टाकून बसे. मग दुपारपर्यंत दोघं एक अक्षर न बोलता पत्ते खेळत. दोघांनाही दिवसभरात माणसाची सोबत तेवढीच. पूर्वी रस्ता अरुंद होता, दोन्हीकडं बघून पलीकडं जाता येई. आता चार पदर आणि दोन्ही अंगांना डोक्यावर जाणारं कुंपण. गाडीनं जायचं तर पार खालच्या गावाला वळसा, आणि नजर अधू झाल्यापासून ऑक्टेव्ह गाडीला हात लावत नाही.

"आता हे बघा," रोझलीनं शेवटचे दोन फोटो सरकवले. एकात बोगद्याच्या तोंडाशी मोठं अस्वल, नाक वर केलेलं. दुसऱ्यात त्याची नुसती पाठ.

आमच्यात अस्वलाला नावानं हाक मारत नाहीत, थोरला म्हणतात. ऑक्टेव्हनं फोटो डोळ्यांजवळ नेला. एका कानाचा तुकडा उडालेला.

"याला ओळखतो की मी. ताईच्या सफरचंदांवर येतो दरवर्षी."

"येत होता. यंदा सारखा येतो आणि बोगद्याच्या तोंडावरून परत फिरतो. तुमचा वास लागतो त्याला."

हॅलवर्सननं घसा साफ केला. "तुमच्या जमातीच्या कौन्सिलशी आमचा करारच तसा आहे, ऑक्टेव्ह. हिवाळ्याच्या आत अस्वल इथून पार झालं, तरच वरच्या खोऱ्यातले बाकीचे बोगदे बांधायचे. नाहीतर आमचे वरिष्ठ म्हणतील, मग बाकीचे हवेत कशाला? मला ते बांधायचेत हो. मनापासून."

ते खरं होतं. तीच तर पंचाईत. भांडायला समोर माणूस तरी वाईट हवा.

"बोगद्याची जागा कुणी दाखवली तुम्हाला?" ऑक्टेव्हनं विचारलं.

"तुम्हीच."

"थोरला डोंगरावरून कुठून उतरतो, विचारलंत. दाखवलं. हरणं कुठून जातात, विचारलंत. दाखवलं. कासवांचीसुद्धा चौकशी केलीत. माणसं कुठून जातात, हे विचारलं का कुणी? ना याच्या राज्यानं, ना तुझ्या कौन्सिलनं. एवढ्या एका बाबतीत बरं तुमचं चटकन जमलं!"



"म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी सुरू करतोय आम्ही," रोझली हळूच म्हणाली. "दर शुक्रवारी. दारातून नेईल, दारात आणून सोडेल."

"आणि शनिवारपासून मी काय करू?"

रोझली टेबलावरचे फोटो उगाच सारखे करत राहिली. ती त्याच्या भाचीची मुलगी, याच टेबलाखाली खेळून मोठी झालेली. तिला रडू येत होतं, पण आज ती अधिकारी म्हणून आली होती.

ऑक्टेव्हनं तो पाठमोरा फोटो पुन्हा उचलला. थोरल्याची मान खाली होती.

"उपाशी गेला ना रे परत? माझ्यामुळं."

त्यानं फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"बरं. नाही जाणार मी."

हॅलवर्सननं आणखी बरंच काही बोलायची तयारी केली होती. ते सगळं तसंच राहिलं. गाडी निघून गेल्यावर ऑक्टेव्ह कुंपणापर्यंत चालत गेला. पलीकडं ताईचं छप्पर दिसत होतं. मधून ट्रकमागून ट्रक जात होते. इतकं एकटं त्याला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पानगळ सुरू झाली आणि एका सकाळी रोझली धावतच आत आली. हातात एकच फोटो. बोगद्याच्या मधोमध थोरला, मान वर, चालता.

"गेला, आजोबा! आत्ता तासाभरापूर्वी! हॅलवर्सन फोनवर नुसता ओरडत होता!"

ऑक्टेव्हचा चेहरा उजळला. त्यानं फोटोवरून अंगठा फिरवला.

"जाताना का येताना?"

"जाताना. पलीकडं."

"परत आला?"

"नाही अजून."

ऑक्टेव्हनं घड्याळाकडं पाहिलं. मग खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडं. त्यानं रोझलीला खुर्ची दिली नाही, कॉफी ओतली नाही.

"मग बसू नकोस. आधी ताईकडं जा. अजूनही ती रोज या वेळेला दार उघडं टाकून बसते. खुणेनं सांग तिला, दार लावून घे म्हणावं. आता मी नाही, थोरला येतोय."