तीन इंच खाली

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा. मिरजेबाहेरच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलर ओढणारा एक जुना ट्रक उभा आहे. ड्रायव्हर लोक त्याला घोडा म्हणतात. या घोड्याने आता इनामदार काकूंचं चाकांवरचं घर ओढायचं, म्हणून महिपतीने त्याला मागे नवा हूक वेल्ड केला आहे. पण हुकात अडकवायची घराची कडी वर आणि हूक तीन इंच खाली.

“महिपती, घर ओढायचंय की लोळवायचंय?” काकू म्हणाल्या.

महिपती हसला नाही. ठिणगीने दुखावलेल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं त्याचं हे पहिलंच काम.

“जमिनीपासून चाळीस इंच मोजूनच लावला, काकू. बायकोच्या शिवणाच्या टेपने, दोनदा. म्हणजे डोळाच गेला माझा.” त्याने वेल्डिंगची काच काढून काकूंच्या पायाशी ठेवली. “दुसरा कारागीर बघा. मी आता हे काम सोडलं.”

दारात त्याची लेक जाई बाहुली घेऊन उभी होती. बाहुलीच्या कमरेला पिवळा पट्टा होता आणि त्यावर आकडे होते: एक, दोन, तीन.

“बाबा, टेप मी कापली,” ती म्हणाली. मग तिने पट्टा सोडला आणि बापाच्या तळहातावर ठेवला.