उघड्यावरचं पिल्लू

“टाकलंय याला आईने! आता मीच सांभाळणार!” गौतमीने पिल्लू ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं.

झेंडूच्या सरीत ते एकटंच बसलं होतं. जेमतेम मुठीएवढं. फुलं तोडताना तिचा हात लागला, तरी हललं नाही.

भारतमामाने क्रेट खाली ठेवला. “रानससा हाय तो. ठेव होता तिथं.”

“अजिबात नाही! आपल्या घरची पांढरी सशीण बघ ना मामा. पिल्लं व्हायच्या आधी पोटावरचे केस उपटून केवढी मऊ गादी केली तिने! आणि याची आई? ना बीळ, ना गादी. चक्क उघड्यावर!”

“पांढरीची पिल्लं उघडीनागडी, डोळं मिटलेली. याला बघ. अंगभर केस, डोळं टक्क उघडं. रानससा जन्मतोच असा. त्याची आई लांबच बसती. जवळ बसली तर कोल्ह्याला माग लागंल. दिवस मावळला की येती, पाजती, जाती.”

“आणि नाही आली तर?”

“तर तुझं.”

पिल्लू परत सरीत गेलं. दोघं लांब बांधावर बसली. ‘येऊ नको, येऊ नको,’ गौतमी मनातल्या मनात घोकत होती. तिची स्वतःची आई इगतपुरीला एका आजारी बाईंकडे कामाला राहायची. रविवारी मामाकडे यायची, गौतमीचं डोकं विंचरायची, खायला करायची आणि संध्याकाळी निघायची. जाताना वळूनसुद्धा बघायची नाही. म्हणून हल्ली गौतमीही तिला सोडायला फाट्यापर्यंत जायची नाही. गेली उडत!

उजेड तांबूस झाला आणि बांधाच्या गवतातून लांब कानांची मादी आली. पिल्लू धावत तिच्या पोटाखाली शिरलं. कपभर चहा प्यायला लागतो, तेवढाच वेळ. मग मादी निघाली. मागे न बघता.

“बस्स? एवढंच?” गौतमीचा आवाज चिरकला. “असं जाववतं तरी कसं यांना?”

मामाने हातातली गवताची काडी मोडून टाकली.

“रविवारी फुलं गाडीत भरायला मी फाट्यावर असतो,” तो म्हणाला. “तुझी आई तिथंच उभी असती. घराकडं तोंड करून. एक एसटी जाऊ देती, दुसरी जाऊ देती. तू येती का, बघत.”