ओपल कानात काय सांगते

ओपल पुन्हा हार्लनच्या कानाशी वाकली. जॅनाने गाडीचं दार लावता लावता ते पाहिलं. हार्लनने मान हलवली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि मग हात पुढे केला.

"जॅना! आलीस?"

"आले, डॅड." तिने त्याला मिठी मारली. नजर मात्र ओपलवर होती.

आई गेल्यावर दुसऱ्याच वर्षी ही ओपल वडिलांच्या घरात आली. चर्चमधली ओळख, एवढंच जॅनाला ठाऊक. जॅना स्वतः डेट्रॉइटला राहायची, येणं वर्षातून एकदोनदा. फोन केला की ओपलच उचलायची. मग वडिलांचा आवाज यायचा, पण आधी मागे काहीतरी कुजबुज व्हायची. उन्हाळ्यात होडी विकली. मग वडिलांनी गाडी चालवणं सोडलं. सरोवरासमोरचं ते घर कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही? आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच ती आली होती. म्हणून तर घरी न भेटता तिने त्यांना इथे, वाळूच्या टेकड्यांच्या पार्कात बोलावलं होतं. मोकळ्या जागेत माणूस एकटा सापडतो.

पण ओपल त्याला एकटं सोडेना.

सप्टेंबर लागला होता. शाळा सुरू झाल्यामुळे किनारा जवळजवळ रिकामा होता. मिशिगन सरोवरावरून गार वारा येत होता आणि कोरडी वाळू पायांखाली करकरत होती. हार्लन मधे, ओपल त्याच्या एका बाजूला, जॅना दुसऱ्या बाजूला.

"जॅना, तुझ्या डॅडना अजून थंड पाण्यात पाय घालायचा शौक आहे बरं का," ओपल म्हणाली. "जॅना, तू लहानपणी इथेच पोहायला शिकलीस ना? बघ हार्लन, जॅना इथेच शिकली."

प्रत्येक वाक्यात जॅना, जॅना. उगीच गळ्यात पडल्यासारखं.

"डॅड, तुम्हाला आठवतं?" जॅनाने मुद्दाम त्यालाच विचारलं. "मी तुम्हाला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं होतं. आई किती ओरडली होती."

हार्लनने ओपलकडे पाहिलं.

"आठवतं तर," ओपलच बोलली. "परवाच सांगत होता."

जॅना थांबली. "मी त्यांना विचारलं होतं."

"हो गं, पण..."

"सावलीसुद्धा एवढी चिकटत नाही माणसाला. तुम्ही थोडा वेळ इथे बसा. मला डॅडशी एकटीला बोलायचंय. आम्ही वर जाऊन येतो."

ओपलचा चेहरा उतरला. "आज नको, जॅना. आज त्याला बरं नाही. आपण तिघंही जाऊ ना."

"का? मी काय विचारीन याची भीती वाटते?"

हार्लनच्या कोटाची कॉलर नीट करायच्या निमित्ताने ओपल पुन्हा त्याच्या कानाशी वाकू लागली. जॅनाने हार्लनचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं.

"पुरे झालं आता," ती म्हणाली.

टेकडीवर फळ्यांचा जिना होता. दोघं थांबत थांबत चढली. हार्लन कठडा धरून नेटाने चढत राहिला. वरच्या सपाटीवर बाक होतं आणि समोर सगळं सरोवर. पलीकडचा काठ दिसत नव्हता. खाली ओपल वाळूत उभी होती, मान वर करून. बसली नव्हती.

"डॅड, आता खरं सांगा," जॅना म्हणाली. "ती सारखी तुमच्या कानात काय सांगत असते? घराबद्दल काही? कुठे सही वगैरे करायला लावली का?"

हार्लन तिच्याकडे पाहून हसला. चर्चच्या दारात नव्या माणसाकडे पाहून हसायचा, तसं. मग त्याने बाकावरची वाळू हाताने झाडली.

"तुम्ही बसा ना," तो म्हणाला. "दमला असाल."

जॅनाला वाटलं तो चेष्टा करतोय. ती बसली.

"छान आहे ना इथे? आम्ही नेहमी यायचो." तो बोलू लागला. ओपल जवळ नव्हती आणि त्याला कसलीच घाई नव्हती. "माझी मुलगी येणार आहे आज. लांबून येते. भेटेल तुम्हालाही."

जॅनाने बाकाची कड घट्ट धरली.

"फक्त तिचं नाव..." त्याने कपाळ चोळलं. "ऐन वेळी जातं माझं. म्हणून ओपलला सांगून ठेवलंय, ती दिसली की आधी माझ्या कानात नाव सांगायचं. आणि ही कोण ते सांगायचं. मुलीला मात्र काही कळता कामा नये. उगीच काळजी करत बसेल, कामधाम सोडून इकडे येऊन राहील. ओपलला शपथच घातलीय मी." तो कठड्यापाशी गेला आणि खाली पाहू लागला. "कुठे गेली ही? तिला माहितीय नाव."

"जॅना," ती म्हणाली.

"हां, जॅना." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तो वळला आणि कौतुकाने तिच्याकडे पाहू लागला. "तुम्ही ओळखता तिला?"

जॅना उठली. डोळे पुसायला थांबली नाही. ओपलला हाक मारायला तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. ओपल अर्धा जिना चढून आली होती.