राहून गेलेली कमांड

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कॉलेजातली ऑनलाइन परीक्षा बंद पडली.

“वीज जाऊन आली ना, वायरमननं घोळ घातला असेल,” नेटवर्क सांभाळणारी ऋजुता प्राचार्यांना म्हणाली आणि सर्व्हरसमोर बसली.

चूक तिचीच निघाली. वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा डीएनएस रिले तिनंच बसवला होता. वीज आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा, यासाठीची कमांड द्यायची राहून गेली होती. तिनं रिले सुरू केला आणि ती कमांडही दिली. परीक्षा सुरू झाली. प्राचार्यांनी शाबासकी दिली. ती तिनं हसून घेतली.

दुपारी वायरमन काळभोर प्राचार्यांची कारणे दाखवा नोटीस घेऊन तिच्याकडे आले. “मॅडम, माझं कुठं चुकलं ते कळेना. यातलं तुम्हालाच कळतं, खुलासा तुम्हीच लिहून द्या.”

तिनं कोरा कागद पुढे ओढला. साडेपाचला ऑफिस सुटलं तेव्हा कागदावर नुसती तारीख होती, आणि काळभोर समोर बसून होते.