फाळक्यावरचं नाव

बाबांच्या माघारी तीन वर्षं दारात पडून असलेली त्यांची पिकअप मी नीट करायला घेतली. मागच्या फाळक्यावरचं माझं नाव, 'तुषार', पॉलिश पेपरनं घासून काढलं, तर खालच्या निळ्या रंगात 'मयुरी' दिसलं.

"ही कोण गं, आई?"

चहा घेऊन आलेली आई पायरीवरच बसली. "तुझी ताई. तुझ्या आधीची. दोन वर्षांची होती."

"काय झालं तिला?"

"हे गाडी मागं घेत होते. ती चाकामागं खेळत होती."

गाडी मागं घ्यायच्या आधी बाबा दरवेळी खाली उतरायचे आणि वाकून चाकांमागं बघायचे. चारचौघांत मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. सगळे हसायचे.

बाबाही हसायचे.