बारा नंबरच्या खोलीतला फोन

बोर्डावर बारा नंबरच्या खोलीचा दिवा लागला की ऑपरेटरबाईंचं डोकं फिरायचं. हॉस्पिटलभरचे फोन जोडता जोडता आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हा पेशंट रोज फोन करणार. बाई म्हणणार, "नमस्कार, हॉस्पिटल. कोण हवंय आपल्याला?" आणि पलीकडे नुसता श्वास. दुरुस्तीवाल्याने फोन उघडून पाहिला, तर फोन ठणठणीत. एकदा बाई वैतागून म्हणाल्याच, "अहो, मूग गिळून का बसता?" तरी दुसऱ्या दिवशी दिवा लागलाच.

आज मात्र बाईंनी तोंड उघडण्याआधीच पलीकडून जड, अडखळता आवाज आला, "नमस्कार... हॉस्पिटल. कोण हवंय... आपल्याला?"

"माझी नक्कल करता होय!" बाई कडाडल्या.

पेशंटच्या बायकोने घाईघाईने फोन घेतला. ती हसत होती की रडत होती, कळेना. "रागावू नका हो. पॅरालिसिसने ह्यांची वाचाच गेली होती. डॉक्टर म्हणाले, एकच वाक्य, एकाच सुरात, रोज कानावर पडू दे. तसं तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

बाईंनी नाक ओढलं. आवाज होता तितकाच करडा ठेवून म्हणाल्या, "द्या त्यांच्याकडे फोन. पुढचं वाक्य घेऊ."