शड्डूला उत्तर

सत्त्याण्णवच्या थंडीत आमची कुरुंदवाडची अख्खी तालीम ट्रॅक्स गाडी करून दाजीपूरला गवे बघायला गेली. भर दुपारीही त्या जंगलात ऊन खाली पोचत नव्हतं.

आणि गवा दिसला! काळाकभिन्न, गाडीएवढा. त्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि वळून झाडीत शिरला.

"भ्याला की आपल्याला!" आमचा महालिंग पैलवान ओरडला. गाडीतून उडी टाकून त्यानं शड्डू ठोकला, तशी मनगटातली तांब्याची कडी खणकली. हा आवाज तालमीत कुणीही डोळे मिटून ओळखायचा.

झाडीतून उलट शड्डू आला. फक्त त्यात कड्यांची खणक नव्हती.

"पावणं, आत जाऊ नगासा," सोबत घेतलेला तिथला वाटाड्या म्हणाला. पण शड्डूला शड्डू मिळाला की कुस्ती ठरली, ही आमची रीत. "आता माघार न्हाय," म्हणत महालिंग आत शिरला.

वेली हलल्या. काहीतरी जड जमिनीवर आपटलं. मग दोन्ही हात वर करून महालिंग बाहेर आला. "चितपट केला रं!"

कुणाला, ते कुणी विचारलंच नाही. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो, शिट्ट्या मारल्या, गाडीचा टप बडवला. खांद्यावरूनच त्यानं पुन्हा दणकून शड्डू ठोकला.

खणक आली नाही.

ती आली मागून, झाडीतून.

आमचे पाय जागच्या जागी थांबले. खांद्यावरचा महालिंग तेवढा हसत होता.

"थांबलासा का?" तो म्हणाला. "गाडी काढा की."